मॅच हरल्यावर मॅनेजर कसं व्हायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट पाठ करून ठेवा, मॅच संपेपर्यंत मत द्यायचं नाही. ओरडा, टीव्हीला शिव्या घाला, दिवाळीच्या उरलेल्या चकल्या संपवा, देव पाण्यात घाला, काय वाट्टेल ते करा पण "ह्याला काढायला नको होतं" हे वाक्य निकाल लागायच्या आत तोंडातून बाहेर पडता कामा नये. कारण निकालाआधी दिलेलं मत चुकू शकतं आणि निकालानंतर दिलेलं मत आजवर कुणाचंच चुकलेलं नाही.

उदाहरण घरचंच देतो. १ नोव्हेंबर २०२५, शनिवारची रात्र, टोरांटोत बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची सातवी आणि शेवटची मॅच, ब्लू जेज विरुद्ध लॉस एंजेलिसचे डॉजर्स. १९९३ नंतर आमची टीम पहिल्यांदाच इथवर आलेली. (आमची म्हणजे, मी सप्टेंबरपासून फॅन आहे. पण दुःख करायला सिनिऑरिटी लागत नाही.) नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, इनिंगला स्कोर ४-४, एक आऊट, आणि बो बिशेट बेसवर पोचला. बोचा गुडघा सप्टेंबरपासून दुखावलेला, बिचारा पळायचा कसला, फरफटायचा. म्हणून मॅनेजर जॉन श्नायडरने त्याला बाहेर काढून त्याच्या जागी पळायला काइनर-फालेफाला पाठवलं. मिसिसागातल्या आमच्या हॉलमध्ये तेव्हा चौदा माणसं होती आणि चौदातल्या एकानेही हूं की चूं केलं नाही. उलट सोफ्यावरचा एकजण म्हणाला, बरं केलं, त्या गुडघ्याने हा होमपर्यंत (म्हणजे जिथे रन पुरा होतो त्या बेसपर्यंत) पोचलाच नसता. हाच माणूस आता भेटेल तिथे सांगतो की मला तेव्हाच माहीत होतं, हे महागात पडणार. ह्याला म्हणतात अभ्यास.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, थोडक्यात यासाठी की अजून सांगताना घशात येतं. बेसेस फुल झाले, म्हणजे तिन्ही बेसवर आपली माणसं. एक रन आला की तिथेच कप आपला. डॉल्टन वार्शोने बॉल सेकंड बेसकडे मारला, मिगेल रोहास धडपडला, पडता पडता त्याने बॉल होमला फेकला आणि काइनर-फालेफा सरपटत आला तो आऊट. केसभराने. कॅचर (इथला विकेटकीपर) विल स्मिथचा पाय होमच्या प्लेटवरून क्षणभर उचलल्यासारखा वाटला, रिप्ले झाला, चौदा माणसांनी एकाच वेळी श्वास धरला, तरी आऊट. पुढच्या अर्नी क्लेमेंटने बॉल पार मागे भिंतीजवळ मारला तर तिथे अँडी पाहेस आपल्याच माणसाच्या अंगावर जाऊन आदळला पण बॉल काही सोडला नाही. अकराव्या इनिंगला त्याच विल स्मिथने होमर (इथला सिक्सर) मारला, ५-४. मग आमच्या व्लादीने (व्लादिमीर गरेरो) डबल मारला, एका फटक्यात सेकंड बेस, आशा परत जागी झाली, आणि पुढचा नंबर कुणाचा? बोचा. पण बो डगआऊटमध्ये. बेसबॉलमध्ये एकदा काढलेला माणूस त्या मॅचमध्ये परत येत नाही, तिथे रडीचा डाव चालत नाही. त्याच्या जागी काइनर-फालेफा, त्याने बंट मारून, म्हणजे बॉल नुसता बॅटने अडवून, व्लादीला तिसऱ्या बेसवर सरकवला आणि स्वतः आऊट झाला. थोड्या वेळाने अलेहांद्रो कर्कची बॅट तुटली, डबल प्ले झाला, म्हणजे एका बॉलवर दोघं आऊट, आणि खेळ खल्लास.

आता तुमचं काम सुरू होतं.

पहिलं म्हणजे एक माणूस पकडा आणि त्याला दोन फूट पुढे सरकवा. तिसऱ्या बेसवर काइनर-फालेफा दोन फूट पुढे उभा असता तर आपण जिंकलो असतो, हे वाक्य रोज जेवणाआधी एकदा आणि नंतर एकदा. आत्याबाईला मिश्या असत्या तर काका म्हटलं असतं ही म्हण कुणी तोंडावर मारली तर सांगा की मिश्या नव्हत्या हीच मॅनेजमेंटची चूक आहे. तो बेसला चिकटून का उभा होता याच्या खोलात मात्र अजिबात जायचं नाही. कारण खोलात गेलं तर आदल्या रात्रीची सहावी मॅच निघते. तिथे आंद्रेस हिमेनेझचा बॉल लेफ्ट फील्डमधून कीके हर्नांडेझ धावत येऊन पकडतो, तसाच सेकंड बेसला फेकतो, आणि बेस सोडून पुढे आलेला आपला बार्जर परत पोचायच्या आत आऊट होऊन मॅच तिथेच संपते. त्या रात्री आपण सगळे काय बोंबलत होतो? की इतका पुढे कशाला गेला, बेसजवळ राहायला काय होतं. मग दुसऱ्या दिवशी टीमने रनरला सांगितलं की बाबा बेसजवळच राहा. हा तपशील चर्चेत कुणी काढलाच तर त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढा आणि विषय बदला.

दुसरं, बाकावरच्या माणसावर गाढ श्रद्धा ठेवा. जो खेळला तो आऊट झाला हे सगळ्यांनी पाहिलंय, पण जो बसलेला होता तो आजपर्यंत कधी आऊट झालेला नाही. तुमच्या डोक्यातल्या अकराव्या इनिंगला बोच बॅटिंगला येतो, आणि ज्याअर्थी त्याने त्याच मॅचमध्ये डॉजर्सच्या ओहतानीला तीन रन्सचा होमर मारला होता त्याअर्थी ह्याही वेळी मारतोच, त्याशिवाय दुसरं काही होऊच शकत नाही. गंमत म्हणजे त्याच डोक्यात नवव्या इनिंगला तिसऱ्या बेसवरून तोच बो त्याच गुडघ्यावर वाऱ्यासारखा धावतो आणि सेफ असतो. आणि शंका आली की तिसरी मॅच पुढे करा. ती अठरा इनिंग्ज चाललेली, सहा तास एकोणचाळीस मिनिटं, आमच्याकडे पहाटेचे पावणेतीन वाजलेले, आणि तेव्हाही बो, बार्जर, कर्क सगळे एकेक करून आधीच बाहेर काढलेले आणि जड बॅटिंगच्या वेळी हातात उरली हलकी मंडळी. बघा, एकदा चूक करून शिकला नाही. ह्या मुद्द्यात थोडं तथ्यही आहे हे मी खासगीत कबूल करतो, पण तथ्य फार वापरू नका, सवय लागते.

तिसरा सल्ला जरा वरच्या इयत्तेचा आहे. पिचरच्या (म्हणजे इथल्या बॉलरच्या) बाबतीत खिशात कायम दोन नियम ठेवायचे. लवकर काढला तर "चांगला चाललेला माणूस का काढला" आणि ठेवला तर "दमलेला माणूस का ठेवला". दोन्ही नियम खरे आहेत, कुठला कधी वापरायचा ते स्कोरबोर्ड सांगतो. २००३ मध्ये बॉस्टनच्या ग्रेडी लिटलने यँकीजविरुद्धच्या सातव्या मॅचमध्ये आठव्या इनिंगला ५-२ ने पुढे असताना पेद्रो मार्टिनेझला ठेवला, तर लोकांनी त्याची नोकरी खाल्ली. २०२० मध्ये टँपा बेच्या केव्हिन कॅशने ब्लेक स्नेलला ७३ बॉलवर काढला, त्याच्याविरुद्ध फक्त दोन हिट्स आणि नऊ स्ट्राइकआऊट, तर लोक अजून त्याला झोपू देत नाहीत. आणि आपला श्नायडर! २०२३ मध्ये मिनेसोटात होसे बेरियोस चौथ्या इनिंगला नुकता लागला होता तोवर ४७ बॉलवर बाहेर, मॅच २-० ने गेली, आणि तेव्हा आख्ख्या गावाने सांगितलं की कंप्युटरचं ऐकू नको, माणसावर विश्वास ठेव. मग २०२५ च्या त्या सातव्या मॅचला नवव्या इनिंगला त्याने जेफ हॉफमनवर विश्वास ठेवला, जिंकायला दोन आऊट राहिले होते, आणि रोहासने बॉल प्रेक्षकांत पाठवला. आख्खं गाव म्हणालं, आकडे बघायचे ना जरा!

हां, एक राहिलं. २००३ च्या त्या मॅचमध्ये अकराव्या इनिंगला होमर मारून बॉस्टनला घरी पाठवणारा कोण होता माहितीय का, ॲरन बून. तोच पुढे यँकीजचा मॅनेजर झाला आणि तेव्हापासून दर ऑक्टोबरला न्यूयॉर्ककर त्याची लाइनअप घेऊन त्याला धुतात. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच मॅचला त्याने महिनाभर न खेळलेल्या नेस्टर कोर्तेसला बॉल दिला आणि फ्रेडी फ्रीमनने ग्रँड स्लॅम (बेसेस फुल असतानाचा होमर) मारून मॅच संपवली. करावे तसे भरावे म्हणतात, पण ह्याने फक्त होमर मारला होता हो.

जिंकलेल्या मॅनेजरकडे चुकूनही बघू नका. ही धोक्याची जागा आहे. डॉजर्सच्या डेव्ह रॉबर्ट्सने त्या रात्री काय केलं बघा. रोहासचं वय ३६, शेवटच्या दोन मॅचपर्यंत सिरीजमध्ये एकदाही सुरुवातीच्या नऊ जणांत नव्हता, त्याला आत घेतलं. पाहेसची बॅट आख्ख्या प्लेऑफमध्ये झोपलेली, त्याला ऐन नवव्या इनिंगला फील्डिंगला धाडलं. यामामोतोने आदल्याच रात्री ९६ बॉल टाकलेले, त्याला परत पिचिंगला आणला. क्लेमेंटचा तो बॉल आणखी हातभर लांब गेला असता तर हे तिन्ही निर्णय म्हणजे शुद्ध वेडेपणा ठरला असता आणि आज लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिकमध्ये अडकून कुणीतरी हाच लेख स्पॅनिशमध्ये लिहीत असता. बारा दिवस आधी, इथल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री, जॉर्ज स्प्रिंगरने सिएटलला तीन रन्सचा होमर मारून आपल्याला वर्ल्ड सिरीजमध्ये नेलं तेव्हा तिकडचे लोक त्यांच्या मॅनेजरला विचारत होते की मुन्योझ बसलेला असताना बझार्डोला का दिला बॉल. तेव्हा आपण काय म्हणालो होतो? की रडके लेकाचे, खेळात हारजीत व्हायचीच. हे वाक्य परत वापरायचं असेल तर पुढच्या जिंकलेल्या मॅचपर्यंत जपून ठेवा.

बॅटिंग ऑर्डरवर बोलायची पात्रता आपल्यात आहे का असा न्यूनगंड काही नवीन मंडळींना येतो, तो मनातून काढून टाका. आपण मराठी माणसं, २०१९ च्या सेमीफायनलला मँचेस्टरमध्ये धोनी सातव्या नंबरवर का आला यावर आपण लग्नांतून, मुंजींतून आणि एकदा तर दहाव्याच्या जेवणात चर्चा केलेली आहे. २०२३ ला अहमदाबादमध्ये सूर्याच्या आधी जडेजा कसा काय आला, हा प्रश्न आमच्या ग्रुपवर अजून उघडा आहे. फरक एवढाच की इथे नऊ जणांचा क्रम मॅचआधी लिहून द्यावा लागतो आणि तोच गोल गोल फिरत राहतो, मनात आलं म्हणून कुणाला वर पाठवता येत नाही. आकडेवाले लोक सांगतात की हा क्रम वरखाली केल्याने आख्ख्या सीझनमध्ये फार थोड्या रन्सचा फरक पडतो. त्यांना तिथेच गप्प करा, म्हणा मॅच कागदावर खेळत नाहीत. आणि लगेच पुढच्या श्वासात सांगा की सात मॅचमध्ये मिळून आपण ३४ रन्स केले आणि त्यांनी २६, म्हणजे कागदावर आपणच जिंकलो.

वेळेचं भान मात्र ठेवायला हवं. पहिल्या रात्री बोलू नये, पहिल्या रात्री फक्त भांडी घासावीत. मॅच संपली तेव्हा बारा वाजून गेले होते आणि नेमकी त्याच रात्री घड्याळं एक तास मागे जायची होती, म्हणजे वर्षातली सगळ्यात वाईट रात्र आम्हाला पंचवीस तासांच्या दिवसाला जोडून मिळाली. मी हॉलमधलं घड्याळ मागे केलं, सोफ्यावरचा तज्ज्ञ म्हणाला जरा आणखी मागे घे, नवव्या इनिंगपर्यंत. कुणी हसलं नाही. बायकोने चहा टाकला, चौदाच्या चौदा जणांना, रात्री एक वाजता, आणि कुणीही काही न बोलता प्याला. त्या अर्ध्या तासात कुणाचीच चूक नव्हती. सोमवारी ऑफिसात लिफ्टचं दार बंद झाल्यावर कुणीतरी सुस्कारा टाकून "पण बोला काढायला नको होतं" म्हटलं आणि मग सगळ्यांना बरं वाटायला लागलं.

तेव्हापासून मी सराव सोडलेला नाही. परवा बर्फ काढत होतो, शेजारचे पोर्तुगीज आजोबाही फावडं घेऊन बाहेर. हे १९९३ ला मैदानात होते, म्हणजे त्यांचं म्हणणं आहे. मी त्यांना समजावून सांगितलं की कचऱ्याची ती डबी म्हणजे थर्ड बेस, रिसायकलिंगची निळी डबी म्हणजे होम, आणि हा एवढा, फावड्याच्या दांड्याएवढा, लीड (बेस सोडून आधीच पुढे सरकणं) घ्यायला हवा होता. ते म्हणाले दाखव बघू. मी फावडं टाकलं, दोन फूट जास्त लीड घेतला, मनातल्या मनात वार्शोने बॉल मारला आणि मी सुटलो, मधे कुठेतरी बर्फाखाली गुळगुळीत थर होता, त्यावरून मी पाठीवर घसरत थेट निळ्या डबीत जाऊन धडकलो. डबी आडवी, दुधाचे रिकामे कार्टन रस्त्यावर.

आजोबांनी हात दिला नाही. फावड्यावर टेकून थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, घसरायला नको होतंस, उभ्याने पळत आला असतास तर सेफ होतास.