सात कार्डे आणि तीन कर्जसंस्था : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कार्डांच्या संख्येवरील माझ्या लेखाला आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : बहुतेकांना दोन कार्डे आणि कर्जासाठी एक, फार तर दोन संस्था पुरतात हा माझा निष्कर्ष भित्रेपणाचा आहे. आपल्याकडे सात कार्डे आहेत, तीन संस्थांची कर्जे चालू आहेत, एकही हप्ता आजवर चुकलेला नाही, आणि कार्डे वाढवत गेल्यामुळेच आपला क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीतील विश्वासार्हता दाखवणारा अंक, वाढला. शिवाय प्रत्येक खर्चासाठी सर्वाधिक सवलत देणारे कार्ड निवडता येते, हा फायदा वेगळाच. शेवटी, ‘मग या सातांपैकी आधी बंद तरी कोणते करायचे?’ असे आपण काहीशा उपरोधाने विचारले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मी खरोखरच देणार आहे. पण त्याआधी आपल्या युक्तिवादाचा विचार करायला हवा, कारण त्यातले गणित बरोबर आहे आणि तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

गणित असे. एका कार्डाची मर्यादा एक लाख असून महिन्याचा खर्च चाळीस हजार असेल, तर वापराचे प्रमाण ४० टक्के होते. तितक्याच मर्यादेची चार कार्डे असतील, तर तोच खर्च एकूण मर्यादेच्या १० टक्के भरतो. स्कोअर काढणाऱ्या पद्धतींमध्ये या प्रमाणाला वजन आहे आणि ते कमी असलेले चांगले मानले जाते, यात वाद नाही. अमेरिकेतील फायको या स्कोअर काढणाऱ्या कंपनीने आपल्या स्कोअरची जी ढोबळ विभागणी स्वतःच जाहीर केली आहे, तिच्यात परतफेडीच्या इतिहासाला ३५ टक्के, देणे असलेल्या रकमांना ३०, खात्यांच्या वयाला १५, आणि नवीन कर्ज व कर्जांचे प्रकार यांना प्रत्येकी १० टक्के वजन दिलेले आहे. वापराचे प्रमाण यांतल्या दुसऱ्या भागात मोजले जाते. मात्र त्याच भागात आणखी एक गोष्ट पाहिली जाते, जिचा उल्लेख आपल्या प्रतिक्रियेत नाही : किती खात्यांवर शिल्लक देणे दिसते. सवलतींच्या मागे जाऊन सातही कार्डांवर थोडा थोडा खर्च टाकला, तर एकूण प्रमाण कमी दिसते हे खरे, पण देणे असलेली खाती सात दिसतात.

दुसरे असे, की हे प्रमाण बहुतेक ठिकाणी स्टेटमेंट निघतानाच्या शिल्लक देण्यावरून ठरते. त्यामुळे ज्याला ते खाली आणायचे आहे, त्याने स्टेटमेंटच्या तारखेआधी काही रक्कम भरून टाकली, की एका कार्डावरही तोच परिणाम साधतो. त्यासाठी नवीन कार्डाचा अर्ज, त्याबरोबर होणारी पतचौकशी (अर्जदाराच्या कर्जनोंदींची तपासणी) आणि वर्षाचे शुल्क यांची गरज पडत नाही. स्कोअरच्या जुन्या पद्धतींना या प्रमाणाची आठवणही नसते : मागच्या महिन्यात ते ७० टक्के होते आणि या महिन्यात ५ टक्के आहे, तर त्या फक्त ५ पाहतात. २०२० साली जाहीर झालेल्या फायको १० टी सारख्या पद्धती मात्र मागच्या २४ महिन्यांचा कल तपासतात, आणि तेथे केवळ मर्यादा वाढवून ठेवण्यापेक्षा शिल्लक खरोखर फेडली जाते की नाही, याला महत्त्व येते. म्हणजे आपण ज्या आधारावर सात कार्डे ठेवली आहेत, तो आधार एका महिन्याच्या चित्रापुरता आहे आणि हळूहळू तोही अरुंद होत चालला आहे. भरीस भर म्हणून, मर्यादा ही बँकेने दिलेली आणि बँकेलाच कमी करता येणारी गोष्ट आहे. २००८ नंतरच्या मंदीत आणि पुन्हा २०२० मध्ये अनेक बँकांनी कमी वापरलेल्या कार्डांच्या मर्यादा कापल्या किंवा ती कार्डेच बंद केली. सगळ्या बँका एकाच वेळी घाबरतात, म्हणून सात ठिकाणच्या मर्यादा हा अडचणीच्या काळातला भक्कम आधार समजणे धोक्याचे आहे.

आपल्या प्रतिक्रियेत स्कोअर म्हणजेच पत असे गृहीत धरलेले दिसते. मोठे कर्ज देणारी संस्था स्कोअर पाहते, पण तेथेच थांबत नाही. ती उत्पन्न आणि देणी यांचा स्वतंत्र हिशेब मांडते, आणि त्या हिशेबात न वापरलेली मर्यादाही ओझे ठरू शकते. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०१९ पासून असा नियम आहे, की कार्ड देताना अर्जदार ती पूर्ण मर्यादा तीन वर्षांत फेडू शकेल का, हे तपासले पाहिजे. आणि तेथे घरासाठी कर्ज मागणाऱ्याच्या कार्डांच्या मर्यादा, त्यांच्यावर एक पैसाही देणे नसले तरी, त्याच्या जबाबदाऱ्यांत धरल्या जातात. जपानमध्ये २०१० साली पूर्णपणे लागू झालेल्या कायद्याने, बँका सोडून इतर सावकारी कंपन्यांकडून घ्यायच्या कर्जाची एकूण रक्कम वार्षिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशापर्यंत मर्यादित केली. तेथे कंपन्यांची संख्या वाढवून काहीच हाती लागत नाही, कारण बेरीज सर्वांची मिळून होते. नियम देशागणिक वेगळे असले, तरी कर्ज देणारा माणूस विचार कसा करतो, हे या दोन उदाहरणांत स्पष्ट दिसते.

आता ज्या मुद्द्यावर माझा खरा भर आहे, त्याकडे येतो. आपण लिहिता, की शिस्त असेल तर संख्या गौण आहे. शिस्तीबद्दल शंका घेण्याचा मला अधिकार नाही, पण मर्यादा आणि संख्या यांचा माणसाच्या वागण्यावर काय परिणाम होतो, याचा चांगला अभ्यास झालेला आहे. डेव्हिड ग्रॉस आणि निकोलस सुलेलेस या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली अमेरिकी कार्डखात्यांवरून दाखवले, की मर्यादा वाढवली की कर्ज वाढते. वाढीव मर्यादेच्या सरासरी १० ते १४ टक्के इतके. विशेष म्हणजे हे केवळ मर्यादेच्या कडेला टेकलेल्या लोकांच्या बाबतीत घडले नाही, ज्यांची मर्यादा बरीच मोकळी होती त्यांच्याही बाबतीत घडले. दुसरा अभ्यास ब्रिटनमधील कार्डधारकांचा आहे आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक कार्डांवर देणे असलेला माणूस, जास्त व्याजाचे कार्ड आधी फेडतो का, हे त्यात पाहिले गेले. तसे फारसे होत नाही, असे आढळले. लोक साधारणपणे ज्या कार्डावर जितकी शिल्लक त्या प्रमाणात पैसे वाटतात, आणि व्याजदराकडे जवळजवळ पाहतच नाहीत. ही चूक एका कार्डावर करताच येत नाही. ती करण्याची सोय दुसऱ्या कार्डापासून सुरू होते आणि पुढच्या प्रत्येक कार्डाबरोबर वाढते. म्हणून संख्या गौण आहे, असे मला म्हणवत नाही. किती कार्डे ठेवावीत, याची माझी कसोटी साधी आहे : प्रत्येक महिन्याला जितकी स्टेटमेंटे आपण ओळीन् ओळ वाचतो, तितकी. ऑटो डेबिट लावून दिले आणि स्टेटमेंट उघडलेच नाही, तर हप्ता चुकत नाही, पण चुकीची आकारणी, न मागितलेला विमा किंवा दुसऱ्याच कोणी केलेला लहानसा व्यवहार महिनोन्महिने निसटत राहतो. आणि तक्रारीची मुदत मात्र आपल्या वाचनाची वाट पाहत नाही.

तरीही मी एका कार्डाचा पुरस्कार केलेला नाही, हे आपल्या नजरेतून सुटलेले दिसते. दुसऱ्या कार्डाचे कारण, कार्ड हरवणे किंवा गोठवले जाणे, एवढेच नाही. संपूर्ण बिल न भरता काही रक्कम पुढे ओढली, की बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत संपते आणि त्यानंतरच्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. अशा वेळी देणे ज्या कार्डावर अडकले आहे, ते वापरणे पूर्ण थांबवून रोजचा खर्च दुसऱ्या, दरमहा पूर्ण फेडल्या जाणाऱ्या कार्डावर नेता आला, तर ते नवे व्याज टळते. हे काम दोन कार्डांनी पूर्ण होते. तिसऱ्याची त्यात भूमिका नाही. मात्र ही दोन कार्डे एकाच बँकेची असतील, तर ती दोन नव्हेत. बँकेला व्यवहार संशयास्पद वाटला, तर ती दोन्ही एकदम थांबवू शकते. ज्या बँकेत पगार जमा होतो तिचेच कार्ड आणि तिचेच कर्ज असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी : थकलेली रक्कम ठेवीतून परस्पर वळती करून घेण्याचा अधिकार. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने कार्डाच्या थकबाकीसाठी तसे करण्यास, ग्राहकाने स्वयंचलित भरण्याला लेखी संमती दिलेली नसेल तर, मनाई आहे. ब्रिटनमध्ये बँकांना तो अधिकार काही अटींवर आहे. आपल्या करारात काय लिहिले आहे, ते प्रत्येकाने स्वतःच पाहायला हवे, आणि ते सहसा शेवटच्या पानांवर असते.

आपल्या तीन कर्जसंस्थांबद्दल माझा आक्षेप तुलनेने सौम्य आहे. वेगवेगळ्या संस्थांकडून दर मागवणे शहाणपणाचेच आहे, आणि त्यामुळे स्कोअर पडेल ही भीती बरीचशी अनाठायी आहे : फायकोच्या नव्या पद्धतींत घराच्या किंवा वाहनाच्या कर्जासाठी ४५ दिवसांत झालेल्या सर्व चौकशा मिळून एकच धरली जाते. कार्डांच्या अर्जांना मात्र ही सूट नाही, आणि आपल्या सात अर्जांची नोंद सात वेळा झाली असणार. परंतु दर मागवणे वेगळे आणि प्रत्येकाकडून थोडे थोडे कर्ज घेऊन ठेवणे वेगळे. ‘विविध प्रकारची कर्जे असली की स्कोअर वाढतो’, या आपल्या वाक्याला आधार आहे, पण तो दहा टक्क्यांचा आहे, आणि त्यासाठी व्याज भरणे मला न समजण्यासारखे वाटते. शिवाय खरेदीच्या वेळी एका बटणावर मिळणारे छोटे हप्त्यांचे कर्ज पतमाहिती संस्थेकडे (लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) कळवले जात असेल, तर तेही एक पूर्ण खातेच असते. त्यावरील उशीर लहान रकमेचा असला, तरी परतफेडीच्या इतिहासात उशीर म्हणूनच नोंदला जातो. तीनही कर्जे एकत्र करण्याचा विचार केलात, तर केवळ व्याजदर पाहू नका. प्रक्रिया शुल्क, मुदतपूर्व फेडीचा दंड आणि वाढणारी मुदत धरून एकूण किती पैसे जातात, ते काढा. हप्ता कमी झाला आणि एकूण रक्कम वाढली, असे वारंवार होते.

सवलतींविषयी फार लिहीत नाही. जो दरमहा पूर्ण बिल भरतो, त्याच्या सवलतींचा काही खर्च व्याज भरणाऱ्यांच्या खिशातून जातो, आणि आपण पहिल्या गटात आहात तोवर हा व्यवहार आपल्या फायद्याचा आहे. फक्त सातही कार्डांचे वार्षिक शुल्क आणि ते माफ होण्यासाठी मुद्दाम केलेला खर्च वजा करून उरलेला आकडा एकदा कागदावर मांडा. तो आकडा मोठा निघाला, तर त्यांतले एक कार्ड तिसरे म्हणून जरूर ठेवा. माझी हरकत नाही.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. नजीकच्या काही महिन्यांत मोठ्या कर्जाचा अर्ज करायचा असेल, तर आधी त्या संस्थेला विचारा, की ती मोकळ्या मर्यादा देणी म्हणून धरते का. धरत नसेल, तर अर्ज निकाली निघेपर्यंत काहीही बंद करू नका आणि नवीनही घेऊ नका, कारण कार्ड बंद होताच त्याची मर्यादा हिशेबातून जाते आणि वापराचे प्रमाण वर चढते. तसा अर्ज नसेल, तर ज्या कार्डाला शुल्क आहे आणि ज्याचे वय सर्वांत कमी आहे, तेथून सुरुवात करा. सर्वांत जुने, शुल्क नसलेले कार्ड ठेवा. जुन्या कार्डाला शुल्क असेल, तर ते बंद करण्याआधी त्याच बँकेच्या शुल्क नसलेल्या प्रकारात बदलून मिळते का, हे विचारा. तसे झाल्यास खात्याचे वय बहुधा टिकते. अमेरिकेत नियमित फेडलेले खाते बंद केल्यावरही साधारण दहा वर्षे अहवालात राहते आणि फायको त्याचे वय मोजत राहतो, तेव्हा वय एका दिवसात नाहीसे होण्याची धास्ती तेथे तरी बाळगण्याचे कारण नाही. सर्व एकाच वेळी बंद न करता दोन-तीन महिन्यांच्या अंतराने करा. प्रत्येक वेळी शिल्लक शून्य करा, जमलेले पॉइंट वापरून टाका, त्या कार्डावरून आपोआप कापली जाणारी वर्गणी दुसरीकडे वळवा, आणि बंद केल्याचे पत्र लेखी घ्या. अखेरच्या स्टेटमेंटनंतर लागलेले थोडेसे व्याज कोणाच्या लक्षात न येता थकबाकी होऊन बसते, म्हणून पुढचे एक स्टेटमेंट येईपर्यंत थांबा, आणि त्यानंतर पतमाहिती संस्थेचा अहवाल मागवून ते खाते ग्राहकाच्या विनंतीवरून बंद झाले असे नोंदले आहे ना, ते पाहून घ्या.