फोटो कसला, चित्रच आहे ते!
"कॅनालेत्तोचं सान मार्को चौकाचं चित्र म्हणजे त्या काळचा फोटोच", हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. व्हेनिसच्या या चित्रकाराने आपल्याच शहरातल्या चौकाचं १७२० च्या दशकाच्या अखेरीस रंगवलेलं हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात आहे. लेकीकडे गेले होते तेव्हा पाहिलं. त्यात घंटेच्या मनोऱ्याला खऱ्यापेक्षा कमी खिडक्या आहेत आणि चर्चसमोरचे झेंड्याचे खांब मुद्दाम उंच केलेत. पठ्ठ्याने चक्क लबाडी केलीय, आणि ती शोभतेही!

बाकी मजा चित्रातल्या फरशीवरच्या माणसांची. ती बघायला मी इतकी पुढे वाकले की गार्डने हटकलं. जवळून नुसते रंगाचे ठिपके. दोन पावलं मागे सरकले, तर तेच ठिपके गप्पा मारत उभे!