बारा वर्षांच्या पोरांच्या याद्या करणं बंद करा

आज दुपारी ऑफिसात डबा खाता खाता फोन बघितला आणि घास घशातच अडकला. मुलाच्या हॉकी टीमच्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी एक यादी टाकली होती. टोरांटो परिसरातली 2013 साली जन्मलेली 'टॉप फिफ्टी' पोरं. नाव, खेळायची जागा, उंची, वजन आणि पुढे एका ओळीचा शेरा. 'साइज उत्तम.' 'स्केटिंग भारी, पण अंगाने कमी.' आणि तिघाचौघांच्या पुढे 'प्रो पोटेन्शियल'.

बारा वर्षांची पोरं आहेत हो ही! यादीतला चौदावा मुलगा गेल्या महिन्यात आमच्याकडे मुक्कामाला होता. झोपायच्या वेळी हळूच येऊन म्हणाला, "आँटी, बाथरूमचा लाइट चालू ठेवाल का?" त्याच्या नावापुढे लिहिलंय, मोठेपणी दुसऱ्या जोडीतला डिफेन्समन, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, होऊ शकेल. अंधाराला घाबरणाऱ्या लेकराचं दहा वर्षांनंतरचं भविष्य सांगणारे हे कोण लागून गेले?

यादीखाली अंगठे, टाळ्या, आगीची चित्रं. मी तिथे काहीच लिहिलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, आमचा मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून बर्फावर आहे. इकडची हॉकी म्हणजे बर्फावरची, हे आता इचलकरंजीत माझ्या आईलाही पाठ झालंय. घरी गॅरेजमध्ये तो घामट वासाचा पिशवा, तीन-तीनशे डॉलरच्या काठ्या, पहाटेच्या अंधारात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडणं, हे सगळं आम्ही हौसेने केलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, तक्रारही नाही.

तक्रार आहे ती गेल्या एप्रिलमधल्या एका संध्याकाळची. ट्रिपल ए, म्हणजे मुलांच्या हॉकीतली सगळ्यात वरची पातळी. तिथल्या टीमसाठी ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी होती, शेवटचा दिवस. कोचने आम्हाला कडेला घेतलं आणि अर्ध्या मिनिटात विषय संपवला. हात चांगले आहेत, खेळ कळतो, पण लहान आहे, पुढच्या वर्षी बघू. मुलगा शेजारीच उभा होता. मग आम्ही गाडीत बसलो. हा हेल्मेट काढेना. जाळीचं हेल्मेट तसंच डोक्यावर, तशातच सीटबेल्ट लावलेला. माव्हिस रोड गेला, 403 हायवे लागला, तरी हेल्मेट तसंच. मी मुद्दाम आरशात बघितलं नाही. आणि मग मागून आवाज आला, "आई, मी अजून किती वाढणार?"

काय सांगायचं? मी पाच फूट एक, त्याचे बाबा पाच-सहा. मी म्हटलं, माहीत नाही रे बाळा. खरंच माहीत नव्हतं. त्या कोचलाही माहीत नव्हतं, आणि आज यादी करणाऱ्यालाही माहीत नाही.

आता त्याचा वाढदिवस बघा. 22 नोव्हेंबर. इकडे हॉकीत वयाचा गट जानेवारी ते डिसेंबर असा धरतात. म्हणजे जानेवारीतला मुलगा आणि माझा मुलगा एकाच गटात. बाराव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक किती असतो ते कुठल्याही आईला विचारा. एकाला ओठावर लव फुटलेली असते, दुसऱ्याचे दुधाचे दात अजून पडायचे असतात. आमच्या टीमचे वाढदिवस आम्ही रिंकवरच करतो, झॅम्बोनी बर्फ गुळगुळीत करत असते तेवढ्या वेळात. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, नुसते केकवर केक. नंतर कमी कमी होत जातात. नोव्हेंबरमध्ये एकटा आमचाच.

ही काही माझ्या एकटीच्या मनातली गोष्ट नाही. 1980 च्या दशकात रॉजर बार्न्सली नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने यावर काम केलं. त्यांच्या लक्षात हे आलं कसं? आल्बर्टातल्या लेथब्रिजला ते ज्युनियर हॉकीचा, म्हणजे किशोरवयीन पोरांच्या वरच्या लीगचा, सामना बघत बसले होते आणि त्यांच्या बायकोने, पॉलाने, माहितीपत्रकातल्या खेळाडूंच्या जन्मतारखा वाचल्या. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. पुन्हा जानेवारी. चाळीस वर्षं झाली या गोष्टीला. तरी अजून आपण वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या, म्हणून अंगाने मोठ्या पोरालाच 'टॅलेंट' म्हणतोय. त्याला चांगली टीम, चांगला कोच, जास्त बर्फ मिळतो, मग तो खरंच चांगला होतो आणि आपण म्हणतो, बघा, आम्ही ओळखलं होतं!

मान्य, उंचीला आणि अंगाला अर्थ आहे. अजून वर्षा-दोन वर्षांत बॉडी चेकिंग, म्हणजे अंगाने धडक देऊन अडवणं, सुरू होईल, नव्वद किलोचा मुलगा अंगावर येईल तेव्हा नुसते हात चांगले असून भागत नाही. कळतं मला.

पण मार्टिन सँ लुई बघा. उंची पाच फूट आठ इंच. एनएचएल ही इकडची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स दरवर्षी नवी पोरं क्रमाने निवडतात त्यात, त्याला कुणी घेतलंच नाही. कॅल्गरीच्या टीमने नंतर करार केला आणि 2000 मध्ये सोडून दिलं. 2004 साली तोच टँपाकडून खेळताना लीगमध्ये सर्वात जास्त गुण मिळवणारा, तोच सर्वोत्तम खेळाडू, आणि स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपदही त्याच्याच टीमला. 2013 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, गुणांत पुन्हा पहिला. त्याच्या लहानपणी अशी यादी निघाली असती तर त्याच्या पुढे काय शेरा असता? 'अंगाने कमी.' दुसरं काय!

आणि 1998 चा ड्राफ्ट. आपल्या मिसिसागात जन्मलेला, भारतीय वडिलांचा मॅनी मल्होत्रा त्या वर्षी सातव्या क्रमांकावर गेला. अभिमान आहेच, पुढे साडेनऊशेच्या वर सामने खेळला तो. पण त्याच ड्राफ्टमध्ये 171 व्या क्रमांकावर एका रशियन पोराचं नाव पुकारलं गेलं, पावेल दात्स्युक. आधीच्या दोन ड्राफ्टमध्ये त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. डेट्रॉइटच्या टीमचा स्काउट, म्हणजे पोरं हेरणारा माणूस, तिकडे गेला होता तो दुसऱ्याच खेळाडूला बघायला, आणि नजर या बारक्या पोरावर खिळली. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटने हेन्रिक सेटरबर्गला, पुढे जो त्यांचा कर्णधार झाला त्याला, घेतलं, 210 व्या क्रमांकावर. त्या 1999 च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक कुणाचा होता, आठवतो कुणाला? पॅट्रिक श्टेफान. 2012 चा पहिला, नेल याकुपोव, सहा हंगामांत एनएचएलमधून बाहेर.

हे सगळं अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांबद्दल आहे बरं का. पगारी माणसं, विमानाने फिरणारी, एकेका पोराला वीस-वीस वेळा बघणारी. त्यांचं असं होतं. आणि आपण बारा वर्षांच्यांची यादी करतोय!

हो, एनएचएलचा बडा खेळाडू कॉनर मॅकडेव्हिड याच्यासारखा एखादा असतो, जो पंधराव्या वर्षी ज्युनियर लीगमध्ये खास परवानगीने जातो आणि सगळे म्हणाले तसाच निघतो. असा कितीकांत एक? त्या एकाच्या नावावर बाकीच्या सगळ्यांची मोजमापं काढायची का?

लिहिता लिहिता एक गोष्ट आठवली आणि राग जरा उतरला. यंदा हिवाळ्यात आमच्या सामन्यानंतर सोळा वर्षांखालच्यांचा सामना होता. एक म्हातारे गृहस्थ वरच्या कोपऱ्यात, एकटेच, मांडीवर वही घेऊन बसले होते. ज्युनियर टीमसाठी पोरं बघत हिंडतात. आमच्या पोरांच्या बॅगा भरून होईपर्यंत मी त्यांच्याशेजारी टेकले. मला म्हणाले, पकच्या (खेळातल्या त्या रबरी चकतीच्या) मागे डोळे पळवू नकोस. एकच मुलगा धर. पक त्याच्याकडे यायच्या आधी तो खांद्यावरून मागे किती वेळा बघतो ते मोज. मी मोजलं. सोळा नंबरचा उंचापुरा मुलगा, सगळे ज्याचं नाव घेऊन ओरडत होते, एकदाही मागे बघत नव्हता. पक आला की मग मान वर, तोवर समोरचा अंगावर. आणि एक बारका, तिसऱ्या फळीतला, दर वेळी दोनदा मान वळवत होता. पक काठीला लागला की लगेच सुटलेला, जिथे जायला हवा तिथे. त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मी विचारलं, आमच्या बारा वर्षांच्यांचा सामना बघितलात का आत्ता? म्हणाले, बघितला, मजा आली. कोण चांगला वाटला? तर म्हणाले, ते मला नाही सांगता येणार, या वयात मी फक्त बघतो.

पन्नास वर्षं रिंकवर काढलेला माणूस म्हणतो सांगता येणार नाही, आणि आमच्या ग्रुपवरच्या बाबांना सगळं सांगता येतं.

आपण सगळे बोर्डाच्या मेरिट लिस्टच्या काळातले. निकालाच्या दिवशी पेपरात फोटो, पेढे, आणि ज्यांचं नाव नाही त्यांनी दिवसभर घरात बसायचं. ते आपण सोसलंय. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांनी पुढे काय काय केलं ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको, त्यातले दोघे ही पोस्ट वाचतायत. मग इतक्या लांब येऊन आपल्याच पोरांना पुन्हा त्या यादीपुढे का उभं करतोय आपण? आपल्यातल्याही काही जणांनी तिथे अंगठा दिलाय, मी बघितलंय.

आमचा मुलगा एनएचएलला जाणार नाही. बहुधा नाहीच. अख्ख्या जगातून वर्षाला सव्वादोनशेच्या आसपास पोरं ड्राफ्ट होतात, त्यातलीही बरीचशी कधी तिथे खेळत नाहीत. मला त्याचं काही नाही. व्हँकूव्हरजवळच्या सरीचा अर्शदीप बैन्स ड्राफ्टच झाला नव्हता, 21 व्या वर्षी त्याच्या ज्युनियर लीगमध्ये 112 गुणांनी पहिला आला, मग व्हँकूव्हरच्या एनएचएल टीमने बोलावलं. तसं आमच्याकडे होईल म्हणून मी हे लिहीत नाहीये. मला एवढंच हवंय, की त्याने काय व्हायचं ते त्याच्या अंगाला आणि मनाला पुरता वेळ मिळून ठरावं. गाडीच्या मागच्या सीटवर, हेल्मेटच्या आत तोंड लपवून नको.

ग्रुपवर टाकायला मी एक उत्तर लिहून ठेवलं होतं. चांगलं खरमरीत. पाठवलं नाही. यादी टाकणारे बाबा त्या चौदाव्या मुलाचेच आहेत. कामाच्या दोन पाळ्या करून त्याची फी भरतात, हे मला माहीत आहे, आणि आज दिवसभर त्यांना किती आनंद झाला असेल तेही कळतंय. उद्या सकाळी पावणेसहाला ते आमच्या दारात येतील. आठवडाभर ने-आण त्यांच्याकडे आहे, माझी पाळी पुढच्या सोमवारपासून. बॅग आत्ताच दाराशी आणून ठेवलीय. मुलगा झोपलाय. यादी त्याने बघितलीय की नाही, मला माहीत नाही, आणि विचारायचा धीर होत नाहीये.