मॉडरेट

लेकीने फोनवर एक वाकडीतिकडी हिरवी रेघ दाखवली आणि म्हणाली, "बाबा, विंड केव्ह्ज नावाच्या गुहांची डोंगरवाट. मॉडरेट आहे. जाऊन-येऊन चार मैल."

मॉडरेट म्हणजे मध्यम, एवढं इंग्रजी मला येतं. मध्यम आकाराचा कांदा, मध्यम आच, मध्यमवर्ग. यातला शेवटचा सोडला तर कशानेच माणसाला धाप लागत नाही. मी हो म्हणालो.

लेक लोगनला पीएचडी करते. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या उत्तर टोकाला, डोंगरांच्या कुशीतलं हे गाव. विद्यापीठ १८८८ सालचं, शेतकी कॉलेज म्हणून सुरू झालेलं. इथे रस्त्यांना नावं कमी आणि आकडे फार. मेन स्ट्रीट आणि सेंटर स्ट्रीट जिथे मिळतात तिथे शून्य. तिथून चार चौक उत्तरेला गेलात की ४०० नॉर्थ, दोन चौक पूर्वेला सरकलात की २०० ईस्ट. पत्ता कसला, निर्देशक भूमितीतलं उदाहरणच! पहिल्याच सकाळी दूध आणायला गेलो आणि ईस्टच्या जागी वेस्टला जाऊन उभा राहिलो. भूमितीत मी शाळेतही याच कारणाने काठावर पास झालो होतो. 'मारुतीच्या मागे, गिरणीसमोर' असं कुणी सांगितलं असतं तर डोळे मिटून पोचलो असतो.

आदल्या दिवशी आम्ही शेजारच्या वेल्सव्हिलला जुन्या वसाहतीचं म्युझियम पाहिलं होतं. चूक तिथेच झाली. तिथे टोपडं घातलेली एक मुलगी लाकडी पिंपात दांडा वरखाली करून लोणी काढून दाखवत होती. आमच्या सौ. दोन मिनिटं गप्प राहिल्या, हाच त्यांचा विक्रम. मग मला म्हणाल्या, "अहो, अशानं लोणी यायला दिवाळी उजाडेल. रवी नाही का यांच्याकडे?" पुढच्या मिनिटाला दांडा सौ.च्या हातात होता, आणि ती मुलगी कौतुकाने फोटो काढत होती.

पुढे एक हातगाडी ठेवलेली. आपल्याकडे केळी विकतात तशीच, फक्त चाकं मोठी. १८५६ ते १८६० या काळात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे सुमारे तीन हजार लोक असल्या गाड्यांवर संसार लादून, त्या स्वतः ओढत युटाला आले. आयोवा सिटीपासून आलेले तर तेराशे मैल. लोगन वसलं १८५९ मध्ये. ही दरी त्याआधी ज्यांची होती त्या शोशोनी आदिवासी लोकांची शेकडो माणसं २९ जानेवारी १८६३ ला अमेरिकन सैन्याने इथून जरा उत्तरेला, बेअर नदीकाठी मारली. तिथे माझा विनोद चालत नाही. हातगाडीकडेच परत येतो, कारण लेकीने ती नेमकी लक्षात ठेवली.

तर विंड केव्ह्ज. लोगन कॅनियनमध्ये पाचेक मैल गाडीने जायचं आणि मग डोंगर चढायचा. चढ हजार फुटांचा. सिंहगड याच्या दुप्पट, आणि तो मी चढलेलो आहे. (१९८८ साली. हा तपशील मी लेकीला सांगितला नाही.) पण सिंहगडावर वळणावळणावर एखादी मावशी ताकाचं मडकं घेऊन बसलेली असते, म्हणून माणूस वर पोचतो. इथे मावशी नाही, ताक नाही, झाडाची सावलीही नाही. नुसता चुनखडीचा डोंगर आणि टाळूवर जुलैचं ऊन.

"इथे अस्वलं असतात का गं?" सौ.नी विचारलं.

"ग्रिझली होतं. ओल्ड एफ्रेम. १९२३ साली मारलं त्याला. कवटी आमच्या लायब्ररीत आहे."

पहिल्या अर्ध्या मैलानंतर मला वाटलं, अस्वल परवडलं असतं. निदान कुणीतरी उचलून नेलं असतं.

"बाबा, त्या लोकांनी तेराशे मैल गाडी ओढली!"

"त्यांना परतीचं तिकीट नव्हतं," मी म्हणालो. तेवढं बोलायला तीन श्वास लागले.

वरून उतरणारा प्रत्येक जण मात्र प्रेमळ. "ऑलमोस्ट देअर!" कुत्र्याला घेऊन आलेल्या बाई म्हणाल्या, ऑलमोस्ट देअर. वीस मिनिटांनी पाठीवर बाळ बांधलेला तरुण म्हणाला, ऑलमोस्ट देअर. आणखी वीस मिनिटांनी एक पाचेक वर्षांचा मुलगा धावत उतरताना तेच ओरडून गेला. आपल्याकडे खेड्यात 'हे काय, हाकेच्या अंतरावर' म्हणतात, तीच ही जात. सौ. पुढे निघून गेल्या होत्या. दोनदा आळंदी-पंढरपूर केलेली बाई, तिला चार मैलांचं काय! मध्येमध्ये थांबून वळून बघायची, मी आहे का अजून.

गुहा आली एकदाची. खडकात वाऱ्यापाण्याने कोरलेल्या कमानी, आत गारवा, आणि खाली नदी आणि दोरीएवढा हायवे. सुंदर आहे, खोटं का बोलू. मी आत बूड टेकलं आणि अर्धा तास भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला, डोळे मिटून.

उतरताना अर्ध्या वाटेवर एक आजोबा भेटले. लालबुंद चेहरा, हातात काठी, माझ्याच वयाचे. "इज इट फार?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात सौ. म्हणाल्या, "येस. व्हेरी फार. नो शेड. बट केव्ह गुड."

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. मग एवढे हसले की त्यांना खालीच बसावं लागलं. आम्हीही बसलो. सौ.नी पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढली, दगडावर आपटून तिचे चार तुकडे केले आणि सगळ्यात मोठा त्यांना दिला.