शिसं काढा, शिसं घाला

पाण्याखालची स्कूटर म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "लायसन्स लागतं का?" लागत नाही. टॉर्पेडोसारखं नळकांडं, मागे पंखा. डायव्हरने मुठीला धरायचं आणि तिने ओढत न्यायचं. लायसन्स लागत नसलं तरी जुनी स्कूटर बाळगायला सहनशक्ती लागते, कारण तिच्या पोटात १२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड, म्हणजे शिशाच्या प्लेटांच्या, बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीमागे एक जोडून, मिळून २४ व्होल्ट) बसलेल्या असतात. यूपीएसमधल्या बॅटरीची ही थोरली बहीण: १५१ मिलिमीटर लांब, ९८ रुंद, ९५ उंच, वजन चार किलोच्या आसपास.

लेबलवर लिहिलेलं असतं १२ अँपिअर-तास. हा आकडा पगाराच्या स्लिपेवरच्या 'ग्रॉस'सारखा आहे. २० तास हळूहळू, म्हणजे ०.६ अँपिअरने वापरली, तर १२. मोटर मागते १५ अँपिअर. मग हातात येतात सातेक. शिवाय बॅटरी रिकामी करून महिनाभर तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेट जमतं आणि पुढच्या वेळी सातही मिळत नाहीत. चार्ज करताना हायड्रोजन सुटतो, म्हणून नळकांडं उघडं ठेवायचं. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीचीच वाट पाहतो.

एवढं कळलं की माणूस लिथियमकडे वळतो. मी सांगेन, लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. साधारण त्याच मापाचा १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांचा पॅक दीड किलोच्या आसपास भरतो आणि १५ अँपिअरलाही जवळजवळ पूर्ण १२ देतो. मापं बरोबर, खड्डा तोच, त्यामुळे काम अर्ध्या तासाचं वाटतं. तसं वाटणं हीच या प्रकरणातली खरी मेख.

आधी बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम), म्हणजे करंट जास्त झाला की पॅक बंद करणारा आतला रखवालदार. बंद मोटर सुरू होताना क्षणभर चालू प्रवाहाच्या तीन-चारपट करंट ओढते. पॅकवर '२० अँपिअर' वाचून "आपल्याला तर १५च हवेत" असा हिशेब केला, तर बटण दाबताच रखवालदार दार लावून घेतो. काही सेकंद ६० अँपिअर सोसेल असाच पॅक घ्यायचा. दोन पॅक सिरीजमध्ये जोडायला निर्मात्याची परवानगी आहे का, हेही वाचायचं. असेल तर दोन्ही आधी वेगवेगळे पूर्ण चार्ज करायचे, नाहीतर अशक्त भाऊ आधी मान टाकतो आणि धडधाकट भावालाही घरी बसवतो.

जुना चार्जर "२४ व्होल्टचाच तर आहे" म्हणून लावू नये. सल्फेट तोडण्यासाठी जादा व्होल्टेजचे ठोके देणारे चार्जर असतात. लिथियमला ते ठोके नकोत. २९.२ व्होल्टला थांबणारा, त्याच रसायनाचा चार्जर घ्यायचा. जुन्या वायरींचे चपटे लग (टोकाच्या धातूच्या पट्ट्या) हिरवे पडलेले असतील तर कापून नवे ६.३ मिलिमीटरचे नीट क्रिम्प करायचे, म्हणजे पकडीने दाबून बसवायचे. ढिला लग १५ अँपिअरला तापतो आणि प्लॅस्टिक वितळवतो. पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीला लागूनच, ३० अँपिअरचा फ्यूज.

आता मुख्य प्रसंग. सगळं जोडलं, झाकण लावलं, पाण्यात सोडलं, की स्कूटर बुचासारखी वर येते. नळकांड्याने बाजूला सारलेलं पाणी तेवढंच, वजन मात्र पाच किलोंनी घटलेलं! उपाय एकच: पाच किलो शिसं. जे जड म्हणून काढलं, तेच मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून विकत आणायचं, जाड टेपमध्ये गुंडाळायचं (उघडं शिसं टर्मिनलला टेकलं तर शॉर्ट) आणि जुन्या बॅटऱ्यांचं वजन जिथे होतं तिथेच फोम ठोसून घट्ट बसवायचं. सगळं पुढे टाकलं तर नाक तळाकडे जातं, मागे टाकलं तर आभाळाकडे, आणि मनगट दिवसभर दुखतं. शिवाय सोसायटीच्या तलावात जुळवलेला तोल समुद्रात टिकत नाही. २४ लिटर पाणी सारणाऱ्या स्कूटरला खाऱ्या पाण्यात सुमारे ६०० ग्रॅम आणखी लागतात. तलावावर वॉचमनला "हे काय आहे" याचं उत्तर तयार ठेवावं. 'टॉर्पेडोसारखं' हा शब्द टाळावा.

झाकणाची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये; जुनं एटीएम कार्ड उत्तम. खाचेत एक केस राहिला तरी पाणी आत शिरायला तो पुरतो. सिलिकॉन ग्रीस चकाकी येईल इतकंच लावायचं. शिऱ्यावर तूप सोडतात तसं नाही.

एक सवय मात्र बदलावी लागते. लेड-ॲसिड कुरकुरत, मंद होत संपायची. परतायची सूचना आपोआप मिळायची. लिथियम शेवटपर्यंत जोमात धावतं आणि एकदम गप्प होतं. तेव्हा घड्याळ लावून एक तृतीयांश चार्ज संपला की वळायचं. उरलेल्यातला एक भाग परतीचा, एक अडचणीचा.

अंदमानला विमानाने न्यायचं असेल तर १२.८ गुणिले १२ म्हणजे १५४ वॉट-तास. प्रवाशाला मर्यादा १६० ची. असे दोन सुटे पॅक टर्मिनलवर टेप लावून, विमान कंपनीची आधी परवानगी घेऊन, हातातल्या सामानात नेता येतात. शिसं चेक-इनमध्ये, वजनाचे पैसे भरून.

आणि बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून स्कूटरचं दुसरं टोक धरणारा शेजारचा मुलगा हटकून विचारतो, "काका, नवीन बॅटरी हलकी आहे म्हणाला होतात ना?"