मायाळूपणा पुरत नाही

मुलाचा मान राखून, त्याचा विचार समजून घेऊन शिकवावे असे मानणाऱ्या मानवतावादी शिक्षणाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कधीच न रागावणारे शिक्षक आणि मनाला येईल ते करणारी मुले उभी राहतात. या चित्रामुळे त्या विचाराचे समर्थक भाबडे वाटू लागतात आणि विरोधकांचे काम आयतेच सोपे होते. माझ्या मते हा विचार शिक्षकाकडून फार मोठी अपेक्षा करतो, आणि ती पुरी होते की नाही हे मूल चुकते तेव्हा कळते.

५२ मधून ३८ वजा करताना एखादी मुलगी २६ असे उत्तर लिहिते. त्यावर लाल फुली मारून शेजारी १४ लिहिले की शिक्षकाचे काम संपते. ‘असू दे, प्रयत्न छान केलास’ असे म्हटले तरी ते संपतेच. दोन्ही वेळा तिने काय विचार केला हे कोणी विचारलेले नसते. विचारले तर समजते की दोनातून आठ जात नाहीत म्हणून तिने आठातून दोन वजा केले, मग पाचातून तीन, आणि लहान अंक मोठ्यातून वजा करायचा हा नियम आपण नीट पाळला अशी तिची खात्री आहे. हे कळल्यावर दशक सुटा करून बारातून आठ कसे वजा करायचे ते समजावण्याला अर्थ येतो.

या विचाराचे एक प्रमुख प्रवर्तक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स मानसोपचाराच्या अनुभवातून शिक्षणाकडे वळले. समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणे, त्याचा विनाअट स्वीकार करणे आणि स्वतः खरे असणे या तीन गोष्टींवर त्यांचा भर होता. पहिल्या दोन सगळ्यांच्या तोंडी असतात. तिसरीचा मात्र सोयीस्कर विसर पडतो. शिक्षक वैतागला असेल तर तो वैताग स्वतःचा म्हणून त्याने सांगावा, मुलाला नालायक ठरवू नये, असा तिचा व्यवहारातला अर्थ आहे. सतत हसतमुख राहण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे.

तरीही रॉजर्स यांचे सगळेच मला पटत नाही. दुसऱ्याला शिकवता येण्याजोगे जे काही असते ते फारसे महत्त्वाचे नसते, अशा आशयाचे विधान त्यांनी १९५२ मध्ये हार्वर्ड येथे केले होते. वाचन किंवा अपूर्णांक पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाला हे लागू होत नाही. त्याला स्पष्ट, पायरीपायरीने केलेली मांडणी हवी असते. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणाच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये, नवख्यांना अत्यल्प मार्गदर्शनावर सोडून देण्याच्या पद्धतींवर जी टीका केली, ती मानवतावाद्यांनी शत्रूची म्हणून झटकून टाकू नये. मुलाचा मान राखणे आणि त्याला नीट शिकवणे यांत मुळात भांडण नाही.

स्वातंत्र्याबाबतही असाच गोंधळ आहे. स्कॉटिश शिक्षक ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये सुरू केलेल्या, आता इंग्लंडमध्ये असलेल्या समरहिल शाळेत तासाला बसणे ऐच्छिक आहे, एवढेच लोकांना ठाऊक असते. पण तिथे नियमांची वाण नाही. ते शाळेच्या सभेत ठरतात, आणि त्या सभेत लहान मुलाचे आणि मोठ्या माणसाचे मत सारख्याच मोलाचे असते. स्वतः हात वर करून केलेला नियम मोडल्यावर त्याच सभेत जाब द्यावा लागणे, याला मोकाट सोडणे कसे म्हणता येईल?

राहिला प्रश्न मोठ्या वर्गांचा. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला ‘हे कसे केलेस?’ विचारणे शक्य नाही, हा आक्षेप खरा आहे आणि शिक्षकाच्या सद्‌भावनेवर ढकलून तो सुटत नाही. मात्र एकच चुकलेले उत्तर, लिहिणाऱ्याचे नाव न घेता, फळ्यावर मांडून त्यामागचा विचार वर्गाला शोधायला लावणे शक्य आहे. शिकवून पुरा झालेल्या भागांच्या यादीत या दहा-पंधरा मिनिटांची नोंद होत नाही, आणि शिक्षकाचे काम त्या यादीवरूनच मोजले जात असेल तर तो ती मिनिटे खर्च करणार नाही.