चहातून गोळी देऊ नका, आणि देणाऱ्या आईला दोषही देऊ नका

"गोळ्या घेत नाही ना? मग चहातून द्या की. त्याला कळणारसुद्धा नाही."

स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलांच्या आईवडिलांना हे वाक्य सगळीकडून ऐकावं लागतं. नातेवाईक सांगतात, शेजारी सांगतात, औषधाच्या दुकानातला माणूस सांगतो. काही ठिकाणी डॉक्टरसुद्धा चव न कळणारे थेंब लिहून देतात आणि "आमटीत टाका" म्हणतात. दारू सोडवण्याच्या 'रुग्णाच्या नकळत' वाल्या जाहिराती वाचून वाचून आपल्याला यात काही वावगंच वाटेनासं झालंय. परवा एका आईनं मला मेसेज करून विचारलं, "ताई, तुम्ही कसे देत होता थेंब?" तिला मी उत्तर दिलंय. पण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आम्ही नाही दिले. का नाही, ते आधी सांगते.

माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आजारी पडला. सुरुवातीला समोरच्या इमारतीतले लोक मोबाईलमधून आपलं बोलणं ऐकतात असं त्याला वाटायचं. पुढे आपल्या जेवणात कोणीतरी काहीतरी मिसळतंय, ही भीती आली. तो फक्त केळी आणि स्वतः उकडलेली अंडी खायचा. अंडं मी सोलून दिलं तर हात लावायचा नाही. पाणी नळाला तोंड लावून प्यायचा. आता तुम्हीच सांगा, आई जेवणात काहीतरी कालवते असं ज्याला वाटतं, त्याच्या जेवणात आईनं खरंच काहीतरी कालवायचं? एकदा जरी कपाच्या तळाशी त्याला चुरा दिसला असता, तर त्याची भीती खरी ठरली असती, आणि ती मी खरी ठरवली असती. त्यानंतर "बाळा, असं काही नाही रे, तो भास आहे" हे कुठल्या तोंडानं म्हणायचं?

हा विश्वासाचा भाग झाला. औषधाचा भाग तर त्याहून भीतीदायक आहे, आणि तो कोणी सांगत नाही.

हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडॉनसारख्या औषधानं काही जणांचे स्नायू अचानक आखडतात. मान एका बाजूला वळते, जबडा जाम होतो, डोळे वर चढतात. दवाखान्यात एक इंजेक्शन दिलं की हे बरं होतं. पण आपण औषध घेतोय हे ज्याला माहीतच नाही, त्याची मान अशी आखडली तर त्याला काय वाटेल? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटेल? "करणी आहे" म्हणून त्याला कुठल्या दर्ग्यात किंवा मठात घेऊन जातील. तमिळनाडूतल्या एरवाडीला, तिथल्या दर्ग्याजवळ, 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळ्यांनी बांधलेले 28 रुग्ण आगीत जळून गेले, त्यांचे घरचेही त्यांना बरं करायलाच तिथे घेऊन गेले होते.

शिवाय मात्रेचं काय? मुलगा अर्धा कप चहा ठेवून उठला तर किती औषध पोटात गेलं, हे कोणाला कळणार? डॉक्टर पुढच्या भेटीला विचारतात, "फरक पडतोय का?" आणि त्या अर्धवट माहितीवर डोस वाढवतात. क्लोझापिनसारखं औषध तर असं देणं म्हणजे जिवाशी खेळ. इतर औषधांनी गुण येत नाही तेव्हा ते देतात आणि कित्येकांना त्यानं नवं आयुष्य मिळालंय. पण क्वचित कोणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यानं धोकादायकरीत्या कमी होतात, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत न्यावं लागतं. ज्याला आपण औषधावर आहोत हेच ठाऊक नाही, त्याचं दर आठवड्याला रक्त काय सांगून घेणार?

"मग तुम्ही केलं काय?" हा पुढचा प्रश्न असतो.

आपण आजारी आहोत हेच न कळणं हा या आजाराचाच एक भाग असतो. डॉक्टर म्हणतात, 'इनसाइट' नाही. तो हट्टीपणा नव्हे. म्हणून 'तुला आजार आहे, मान्य कर' या वादात जिंकण्यासारखं काही नसतं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एक वाट दाखवली. त्या म्हणाल्या, "त्याला ऐकू येणारे आवाज खरे की खोटे यावर बोलूच नका. झोप लागत नाही हे त्यालाही मान्य आहे ना? मग झोपेवर बोला." झोपेवर तो बोलला. कित्येक रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, तो दमून गेला होता. झोपेसाठी म्हणून त्यानं पहिली गोळी घेतली, स्वतः पाकीट फोडून, नाव वाचून, नेटवर शोधून. यात लबाडी नव्हती. ती गोळी आणखी कशावर काम करते तेही बाईंनी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "मला झोपेपुरती चालेल." आम्ही म्हटलं, चालेल.

हे सगळं सरळ रेषेत झालं नाही. मध्ये त्यानं औषध सोडलं आणि परिस्थिती अशी आली की दाखल करण्यावाचून इलाज नव्हता. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम 89 आहे. स्वतःचा निर्णय घ्यायच्या स्थितीत नसलेल्या माणसाला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीनं उपचारांचं बघणाऱ्या माणसाच्या, अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं. मी अर्जावर सही केली. आणि त्याला समोर बसवून सांगितलं की सही मी केली आहे, तुझ्या बाबांनी नाही, डॉक्टरांनी नाही. तो खूप चिडला. बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. माझी नणंद म्हणाली, "वहिनी, कशाला सांगितलंत? डॉक्टरांवर ढकलायचं ना." पण पुढे जेव्हा तो बोलू लागला, तेव्हा माझ्याशीच बोलू लागला. या घरात आपल्या पाठीमागे काही होत नाही, एवढं त्याच्या मनात राहिलं होतं.

आता तो महिन्यातून एकदा इंजेक्शन घेतो. रोजच्या गोळीची कटकट नको, हा त्याचाच निर्णय. या दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांबद्दल फार कमी घरांना माहिती असते. काही पंधरा दिवसांनी घ्यायची असतात, काही महिन्याने. डॉक्टरांना जरूर विचारा.

याच कायद्यानं कुठल्याही सज्ञान माणसाला आपल्या उपचारांबद्दल आधीच लेखी निर्देश देण्याचा हक्क दिला आहे. बरा असताना तो आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि त्यानं स्वतः लिहिलं. हॅलोपेरिडॉल नको, मान आखडते. दाखल करायचं झालं तर सरळ सांगा, 'मामाकडे जाऊ' म्हणून गाडीत बसवू नका. आणि प्रतिनिधी म्हणून त्यानं माझं नाव लिहिलं नाही, आत्याचं लिहिलं. मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण कारण त्यानं लगेच सांगितलं, "तू सही केलीस की घरात राहायला त्रास होतो गं. आत्या लांब राहते." त्याचं म्हणणं बरोबर होतं.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय ही पोस्ट अर्धवट राहील.

चहातून गोळी देणाऱ्या आईला मी नावं ठेवणार नाही. आम्ही कऱ्हाडचे. इथे आम्हाला मनोविकारतज्ज्ञ मिळाल्या, दवाखाना रिक्षानं जाण्याइतका जवळ होता आणि नवऱ्याची पेन्शन होती. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवर राहणाऱ्या बाईनं काय करायचं? मुलगा खोलीचं दार लावून बसलाय, घराबाहेर पडत नाही, अंगावर धावून येतो, आणि डॉक्टर म्हणतात पेशंटला घेऊन या. कसा आणायचा? आपल्या देशात लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ पुरता भरत नाही. एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला तर समुपदेशक मराठीत बोलतात, धीर देतात, कुठे जायचं ते सांगतात. 2022 पासून ही सोय आहे आणि ती चांगली आहे, नंबर जपून ठेवा. पण दाराच्या कडीपर्यंत कोणी येत नाही. त्या बाईच्या हातात थेंबांची बाटली उरते, कारण दुसरं काही कोणी दिलेलंच नसतं.

आणि हे कायद्यात नाही असंही नाही. याच कायद्याचं कलम 18 सरकारवर जबाबदारी टाकतं: हाफवे होम (दवाखाना आणि घर यांच्या मधली राहायची सोय), आधारासह राहण्याची व्यवस्था, घरी राहून पुनर्वसन आणि कुटुंबाला साहाय्य. कायदा मे 2018 पासून लागू आहे. आमच्या भागात घरी येणारी मानसिक आरोग्याची परिचारिका मी अजून पाहिलेली नाही. बाळंतिणीच्या घरी आशाताई येते, क्षयरोग्याची गोळी चालू आहे का ते बघायला माणूस येतो. मग माझ्या मुलासारख्यांच्या घरी का नाही? तालुक्याला दोन प्रशिक्षित परिचारिका आणि एक समाजसेवक, एवढंच मागतेय मी. पहिल्या भेटीत मुलगा दार उघडणार नाही. दुसऱ्या भेटीतही नाही. पण कोणीतरी पुन्हा येतंय, आरडाओरडा न करता बाहेरच्या पायरीवर बसून झोपेबद्दल, जेवणाबद्दल विचारतंय, हे त्याला कळू दे. पुण्यामुंबईच्या स्वमदत गटांत मी असे आईवडील पाहिलेत, जे स्वतःचं घर सांभाळून दुसऱ्याच्या घरी असं जाऊन बसतात. ते काम सरकारी पगारावर व्हायला हवं.

सातारा जिल्ह्यातल्या, आणि इतर जिल्ह्यांतल्याही, अशा घरांची मी एक यादी करतेय. मुलाचं किंवा मुलीचं नाव नको, फक्त तालुका, जवळचा मनोविकारतज्ज्ञ किती किलोमीटरवर आहे, आणि घरी कोणी कधी भेट दिली का, एवढं मला मेसेजमध्ये कळवा. जिल्हा शल्यचिकित्सकांची वेळ मागितली आहे. जाताना ही यादी सोबत नेणार आहे. ज्यांच्याकडे घरी येणारं पथक खरोखर सुरू आहे त्यांनी तर आवर्जून लिहा, म्हणजे "हे होऊ शकत नाही" असं मला कोणी सांगायला नको.